कैझ

गीझर मे महिन्यातच बंद केला.
गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चहाला चालेल इतकं तापतं,
आणि बंद गीझरमध्ये साठतं ते त्यातल्या त्यात माणसात असतं.
रात्री त्याच नळाखाली तीन बादल्या भरून ठेवते,
पहाटे, बांगेच्या आधी, तांब्यातांब्यानं वाटते:
कढीपत्ता, मोगरा, चार भेंड्या,
आणि हट्टानं लावलेली अळूची एक कुंडी
जी दर वर्षी मला हरवते.

सोहारमध्ये बाग करायची म्हणजे आधी सावली शिवायची.
मी जुन्या चादरी जोडत जाते एकमेकींना,
उन्हाला ठिगळ लावते.

भिंतीपलीकडे खल्फानची नऊ खजुरीची झाडं.
तो उन्हाळा म्हणत नाही, कैझ म्हणतो.
ऊन आणि खजुराचा हंगाम, दोन्हीला एकच शब्द.
मला वाटायचं, शब्द कमी पडले असतील.

यंदा जूनमध्ये ऊन आलंच नाही धड.
समुद्रावरून पांढरी, ओली, आजाऱ्याच्या कपाळासारखी हवा.
मोगऱ्याच्या कळ्या न उमलताच तपकिरी.
भेंडी खुळ्यासारखी खांद्यापर्यंत वाढली,
फूल एक नाही.

कुवेतहून विभावरीचा फोन:
"अकरा दिवस धूळ, गं. तुळशीची पानं ओल्या फडक्यानं पुसते,
खेळून आलेल्या पोराचं तोंड पुसावं तशी.
तेवढंच रागवतेही."

सलालाहून सुधन्वा.
त्यांच्याकडे खरीप हे पीक नाही, खरीफ आहे:
डोंगरावर उतरणारं भुरभुरतं धुकं.
"पंधरा दिवस झाले, पत्ता नाही.
डोंगर अजून उंटाच्या रंगाचे. केळी माझ्याकडे बघतात,
मी हातातल्या पाइपाकडे.
आमचं पार्सल चुकून तुझ्या दारात नाही ना पडलं?"

पडलं.
जुलैतला गुरुवार, दुपारचे तीन.
हजरच्या डोंगरांवरून एक काळा ढग आला, आणि
पावसाळ्यासारखा पाऊस, वीस मिनिटं, चक्क.
मी अनवाणी अंगणात. कुंड्या ओढून ओढून उघड्यावर,
अळूलासुद्धा म्हटलं, घे, आता तरी घे.
दोन्ही हात वर, तोंड उघडं,
पन्नाशीच्या बाईनं करू नये ते सगळं.

तेव्हा भिंतीवरून दिसला खल्फान,
कमरेला दोर, झाडाच्या डोक्यापाशी,
खताच्या रिकाम्या गोण्या घडांवर बांधताना.
खाली मुलगा गोण्या फेकत होता, गोण्या संपल्या होत्या.
खुनेझी लाल होऊन मऊ पडायला लागलेला:
चार दिवसांचं ऊन हवं होतं, फक्त चार दिवसांचं.
पाणी शिरलं की साल फाटते, आत आंबतं.

माझे हात अजून वर होते.
ते खाली कसे आणावेत, कळेना.

मग सावलीचे टाके उसवले.
दातांनी, कात्री कोण शोधतंय.
एकेक चादर भिंतीवरून फेकली,
फुलाफुलांची, चौकड्यांची, लग्नातली आलेली एक.
त्यानं विचारलं नाही, घेतली.

नवांपैकी चार झाडं वाचली.
बाकीच्यांखाली दुसऱ्या दिवशी आंबूस वास आणि गांधीलमाश्या.
मी म्हटलं, वाईट पाऊस.
तो थांबला. "पावसाला वाईट म्हणत नाहीत. रहमा असते ती."
मग फाटलेल्या घडाकडे बघत,
बऱ्याच वेळानं,
"फक्त तिला तारीख कळत नाही."

शनिवारी पारा सत्तेचाळीसवर.
खल्फान खुशीत. भिंतीवर ताटली ठेवून गेला,
वाचलेल्या घडाचा रुतब, खाली घडी केलेली लग्नातली चादर,
तिच्यावर चिकाचे डाग, धुऊनही राहिलेले.

मोगऱ्याला त्याच दिवशी अकरा फुलं आली.
त्याला सांगितलं नाही.
गीझरचा नळ सोडला,
बादली भरेपर्यंत तिथंच उभी राहिले.