सीट

सकाळी पोस्टातून निघते तेव्हा मी तुरीपेक्षा उंच असते.
शेंगांवरून नजर थेट नाल्यापलीकडे,
सोनेगावच्या टाकीपर्यंत.
पहिलं गाव येईतो एक बोट खाली.
दुसऱ्यात दोन.
तिसऱ्या गावाच्या पांदणीत गुडघे हनुवटीला लागतात
आणि तूर माझ्या डोक्यावरून
आपसात बोलत असते.

दांडी सरकते तेव्हा आवाज करत नाही.
खड्डा आला की कळतं,
आपण जरा कमी झालो.

कसणारे पुष्कळ भेटले.
डेअरीवर डोमाजी, ग्रामपंचायतीचा शिपाई,
खडूच्या हातांनी पिदूरकर सर.
ज्याने त्याने पाना मागितला,
आधीच्याला नावं ठेवली, दातओठ खाल्ले
आणि आपला एक आटा जास्तीचा फिरवून दिला.
"आता हालत नाही, ताई."
मी आभार मानले. दरवेळी मानले.

मंगळवारी उतारावर
कट्.
बोल्टाचं डोकं उडून कुणाच्या कपाशीत गेलं.
उरलेली वाट मी उभ्यानेच पायडल मारले,
पिशवीत सात रजिस्टर, एक एटीएम कार्ड,
निराधाराचे पैसे द्यायचं अंगठ्याचं मशीन.

हिवरी फाट्यावर पानठेल्यामागे जैतू आत्रामचं दुकान,
म्हणजे एक लाकडी पेटी, घमेल्यात पाणी
आणि बाभळीला टांगलेले टायर.
त्याने सायकल आडवी केली,
सुंब्यावर दोन हलके ठोके दिले.
अडकलेला तुकडा निघाला, दुधाच्या दाताएवढा.

"कोनं कसला एवढा?"
"गावानं," मी म्हटलं.
"हे पाहा." त्याने फ्रेमचे दोन कान दाखवले,
एकमेकांना चिकटलेले.
"कान कानाले लागले, बाई. आता काय दाबन ते?
दांडी पतली हाय. कसून पतली जाड होते काय?"

दोन वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग ठेल्यामागच्या कचऱ्यात शोधाशोध.
कुणाच्या वरातीतला बिअरचा डबा मिळाला.
कात्रीने पट्टी कापली, दगडावर घासून धार मारली,
दांडीभोवती गुंडाळली.
सरकारी टपाल आता बिअरवर बसणार, असं मी म्हणाले
तर पानठेल्यावरचे तिघं हसले, तो हसला नाही.
छन्नीने कान फाकवत होता.

बोल्ट मिळाला तो मळणीयंत्राचा, लांबच लांब.
तीन वायसर घातले तरी टोक बाहेर.
"लुगडं फाटन," म्हणून त्यावर
व्हॉल्वट्यूबचा तुकडा चढवला, बाळाला टोपडं घालावं तसा.

दांडी पुसली तेव्हा खाली रेघा दिसल्या, कानसीच्या.
"हा नत्थूजी. लय उंच मानूस."
एक मधली रेघ, पुसट: "हा तीन महिनेच टिकला,
पुन्याले गेला."
माझी रेघ नव्हती.
मी जिथवर घसरायची तिथे नुसता
चिखल वाळलेला.

"किती ठेवू?"
मला कोणी विचारलं नव्हतं तोवर.
मी बसले, पाय सोडून पाहिले. "अजून."
"टाचा टेकत नाही, बाई."
"अजून थोडी."
त्याने कानस घेतली, किर्र किर्र,
रेघ ओढली आणि पाना दोन बोटांनी फिरवला,
झाकण लावावं इतकाच.
वीस रुपये झाले.

परतीच्या वाटेवर तूर पुन्हा खाली.
पण मी बसलेच नाही पुरती.
दोन गावं तशीच गेले, अर्धी उचललेली,
प्रत्येक खड्ड्यापाशी श्वास धरून.
उतरून रेघ पाहिली. होती तिथेच होती.

डेअरीपाशी डोमाजीने हात पुढे केला,
"आणा पाना, एक आटा कसून देतो."
"नको, डोमाजी."
"अहो, फुकट."
"तुमचं रजिस्टर आहे, इथे सही करा," मी म्हटलं,
सीटवरून न उतरता.