दीड तास

घड्याळं दीड तास मागे घ्या, म्हणाला टूरचा पोरगा,
केशरी टोपी, हातात झेंडी, नाव इंद्रनील.
सत्तावीस जणांनी मनगटं पुढे केली
बांगड्या भरायला बसल्यासारखी.
दीड तास फुकट मिळाला, कुणीतरी म्हणालं.
मला तो कुठे ठेवावा कळेना.
पर्समध्ये पासपोर्ट, बीपीच्या गोळ्या, उरलेली दशमी.

एक रात्र मिरजेच्या बसमध्ये गेली, दुसरी विमानात.
मस्कतच्या हॉटेलात खोल्या दोनशिवाय नाहीत,
रिसेप्शनवरचा केरळी मुलगा ओशाळून
खजुराची ताटली पुढे करतो.
तोवर शहर बघून घ्या.

काचेबाहेर डोंगर,
करपलेल्या भाकरीच्या रंगाचे, औषधालाही गवत नाही.
त्यांच्या पायाशी पांढरी घरं.
गाईड काही सालं सांगतो, किल्ले सांगतो,
मान पडते,
सावरते,
पडते.

मत्राहच्या बंदरापाशी कुणीतरी खांदा हलवला.
उत्तरा खासनीस, कंपनीने जोडून दिलेली खोलीतली सोबत,
तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या.
'अहो, झोपेत हे काय करताय?'
पाहिलं तर मांडीवर
माझी पाच बोटं भात कालवत होती.

इथे अकरा.
तिकडे साडेबारा, दिगूचं ताट.
वरणात गुठळी चालत नाही त्याला.
लिंबाची बी आली तर दिवसभर रुसतो,
पन्नाशीचा माझा धाकटा भाऊ.
चालला उशिरा, बोलला उशिरा,
शाळेपर्यंत पोचलाच नाही.
चल रे दिगू, चल लवकर, यात माझा जन्म गेला
आणि आता सात दिवस तो सोनवणेबाईंच्या हाती.

खासनीसबाईंनी चौकशी केली नाही.
समजावून सांगितलं फक्त, सवयीने,
एका हाताची मूठ सूर्य, दुसऱ्याची पृथ्वी:
पश्चिमेला आलं की आपण मागे पडतो,
तिकडचे पुढे असतात.

म्हणजे दिगू पुढे आहे.
जेवून, हात धुऊन
खिडकीत बसलाही असेल,
मी अजून त्याच्या सकाळीतच.

बाजाराच्या तोंडाशी धुपाचा वास, डोळे चुरचुरतात.
इंद्रनील माणसं मोजतोय. सव्वीस.
पुन्हा मोजतो. सव्वीस.
'मावशी, चला लवकर!'
ऐकायला किती विचित्र वाटतं ते,
या बाजूने.