पुढच्या वर्षाची यादी

नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार. बाहेर उणे अकरा.
उत्तर मिनेसोटातल्या एका वाचनालयाच्या तळघरात,
बॉयलरशेजारच्या टेबलाभोवती आम्ही सात जण
आणि बारा महिन्यांच्या रिकाम्या चौकटी.

नियम मीच वाचून दाखवते, दरवर्षीसारखे:
कादंबरीच हवी. तीनशे पानांच्या आत.
जिल्ह्यातल्या सगळ्या शाखा मिळून निदान आठ प्रती,
त्यातली एक मोठ्या टायपातली, ऑर्व्हिलसाठी.
आणि कुत्रा मरता कामा नये.
हा नियम लेखी नाही,
व्हर्नाच्या तोंडाकडे पाहिलं की कळतो.

फेब्रुवारीवरून जुंपली.
ल्युसिंडाला खून हवा होता, एक तरी,
थंडीत बरा वाटतो म्हणे.
टॉइव्हो, चाळीस वर्षं लोखंडाच्या खाणीत काढलेला, म्हणाला,
मला असं काही द्या की ज्यात माणूस रोज कामावर जातो.
तसं एकही सुचेना कुणाला.
मी टिपून ठेवलं.

मग डब्यातल्या चिठ्ठ्या.
एक औषधाच्या पाकिटामागे लिहिलेली, तिरप्या अक्षरात:
निळं पुस्तक. मुलगी गोठलेलं तळं ओलांडते.
मागे कुत्रा. पलीकडे दिवा. नाव आठवत नाही.
सही नव्हती. लागतही नव्हती.
हेल्मी समोरच बसली होती, अंगातला कोट न काढता,
केकचा तुकडा रुमालात गुंडाळत.

पुढे काय होतं, हेल्मी?
ती सांगत गेली.
बर्फ आधी कसा कुरकुरतो, मग गप्प होतो,
आणि तो गप्प झाला की आपण थांबायचं.
दिवा कुणी विझवला, ते.
कुत्र्याचं नाव मुस्ती.
रस्त्यावरून बर्फ ढकलणारी गाडी गेली, पुन्हा आली.
कॉफीवर साय धरली.
कुत्र्याचं काय झालं, हे व्हर्नानं विचारलं नाही.

टॉइव्हो माझ्या कानाशी वाकला:
मुस्ती त्यांच्याच घरचा.
माझ्या पोटरीला चावला होता, त्रेपन्न साली.

मी कॅटलॉग उघडला, उगीच,
शोधल्यासारखं केलं.
मग लिहिलं: मार्च. निळं पुस्तक.
प्रती: एक. मोठा टाइप: नाही.

तेवढ्यात हेल्मीनं चिठ्ठी उचलली,
लांब धरून वाचली.
"छान वाटतंय की हे. कुणी सुचवलं?"

मी मार्च खोडून जानेवारी केला.
जानेवारी तर माझा होता, ऑर्व्हिल पुटपुटला,
आणि आपली खुर्ची तिच्या बाजूला सरकवली,
ज्या कानानं ऐकू येतं, तो तिच्याकडे करून.