तीनशे बारा क्लिपा

भरडावर, जाळी-दोरखंडांच्या दुकानाच्या माडीवर
माझं एडिटिंग. एक खुर्ची, दोन पडदे,
खिडकीला काळा कागद.
बाहेरचा उजेड आत आला
की डोळे खोटं बोलतात.

कुबलांकडचं लग्न. कॅमेरे दोन.
माझा जरा तांबूस बघतो,
नंदूचा सगळंच निळं,
मांडव जसा पाण्याखाली घातलाय.
व्हाइट बॅलन्स जुळवत होतो
तर मुलाच्या आत्याचा फोन :
‘तिका वायच उजळ कर मरे.
पाचशे वाढवून धाडलंय.’

उजळ म्हणजे काय, मधले टोन वर,
केशरी थोडा खाली. एका क्लिपवर केलं.
मग कॉपी. मग सगळ्या निवडून पेस्ट.
तीनशे बारा क्लिपा
एका चुटकीत एका घरच्या झाल्या.

हळद ताकासारखी.
वेणीतली अबोली विटलेली.
आणि मागे दांडीचा समुद्र,
नीळ न घालता वाळत टाकलेली चादर.

विशाखा आली ती उन्हं उतरल्यावर,
कोपरापर्यंत हिरवा चुडा,
पिशवीत पेनड्राइव्ह आणि आईनं दिलेली सोलं.
बघत राहिली. म्हणाली,
‘माजो रंग खंय गेलो?’
मी म्हटलं, ते आत्या...
‘आतेक मी सांगान.’

माऊस तिनंच घेतला.
मी टाकून दिलेली एक क्लिप शोधली :
प्लास्टिकच्या खुर्चीवर विसरलेला चालू कॅमेरा,
वाकडी चौकट, मागीलदार, तिन्हीसांज,
ती चुलीपाशी उभी, तोंडात लाडू, कशाला तरी हसतेय.
‘ह्यो रंग. सगळ्यांक ह्योच लाव.’

लावला.
भर दुपारच्या अक्षतांना तिन्हीसांज चढली,
भटजी तांबेरले,
मामांचा पांढरा सदरा म्हणजे बरका गरा.
आधी ती हसली, मग मी.
तिचा रंगसुद्धा
तिलाच सगळीकडे बसेना.

अन्डू. अन्डू. अन्डू.

आता एकेक करतोय, हातानं.
मध्ये दोनदा लाइट गेली.
छप्पन्नपर्यंत सेव्ह आहे.
सत्तावन्नाव्या क्लिपमध्ये ती आईच्या गळ्यात पडते
आणि दोघींचे गाल एकमेकींना लागतात,
तिथे कुठला गाल कुणाचा
हे मला रंगावरून सांगता येत नाही.
ती तशीच ठेवलीय.

काळा कागद एका कोपऱ्यात सोडवलाय.
खाली बांगड्याच्या टोपल्या उतरतायत.
आत्याचे पाचशे तेवढे
अजून परत केलेले नाहीत.