शेवटचा भाग

टीव्ही फेर्मिनच्या घरी होता.
बाप तारवटी, दर खेपेला
काहीतरी जड घेऊन यायचा.
गुरुवारी पाच वाजता चिखलीतली आम्ही नऊ पोरं
बाल्कांवाच्या पायरीवर चपला काढून
लाल गार जमिनीवर मांडी ठोकायचो.

पडद्यावर पाच जण. सगळे सोळा वर्षांचे.
मिका सर्वांत पुढे, तिचे केस
हेल्मेटमधूनही वाऱ्यावर उडायचे,
कसे ते विचारायचं नाही.
तोबीचं हेल्मेट सैल, वळण घेताना डोळ्यांवर यायचं.
शाळेच्या गणवेशावरच पॅराशूट.
गृहपाठ त्यांना कुणी विचारतच नव्हतं.

खरी विमानं आमच्या डोक्यावर होती.
दाबोळीच्या पठारावरून नौदलाचं जेट उठलं
की कौलं थरथरायची, कपबशा बोलू लागायच्या,
फेर्मिनची आई जपमाळ थांबवून खुर्ची धरायची
आणि पडद्यावर मुंग्यांचं वारूळ फुटायचं.
मुंग्या पांगल्या की कळायचं,
कुणीतरी पडलंय, कुणीतरी वाचलंय.
मधलं आम्ही आपसांत ठरवायचो.

शेवटच्या भागात मिका एकटीच वर गेली.
इंधनाचा काटा तांबड्यात.
खाली धावपट्टीवर तोबी, हेल्मेट काखेत.
तिनं रेडिओ उचलला
आणि नेमकं तेव्हाच
चिखलीवरून एक खरं विमान गेलं.

ओठ हलताना दिसले. एवढंच.
मग नावांच्या पाट्या.

नऊ पोरांची नऊ उत्तरं.
शाणू म्हणाला, 'येते' म्हणाली.
प्रेसिल्ला म्हणाली, शिवी दिली, मी तोंड बघितलं तिचं.
फेर्मिन काहीच बोलला नाही, बटण बंद करून
काचेवरचा पांढरा ठिपका विझेपर्यंत बसून राहिला.
भांडण चतुर्थीपर्यंत चाललं, मग नाताळापर्यंत.

आता मी दाबोळीला पाखरं हाकतो.
नोकरीचं नाव लांबलचक, काम एवढंच.
जीप, फटाक्यांची नळी, कानांवर जाड झाकणं.
गवत कापलं की बगळे येतात किडे टिपायला,
घारी येतात वास्कोच्या मासळीवरून,
टिटवी तर पट्टीच्या कडेला खड्यांतच अंडी घालते, निवांत.
तिच्यासाठी मी जीप लांबून वळवतो.
साहेबांना सांगू नका.

वैमानिक कधी जवळून दिसतात,
शिडी उतरताना, हेल्मेट काखेत,
एखाद्याच्या गालावर मुरूम.
सोळाचे नसतात, पण मला वाटतात.
मी सत्तेचाळीस. मिका अजून सोळा.

फेर्मिन पोर्तुगीज पासपोर्टावर गेला, स्विंडनला,
गोदामात रात्रपाळी.
गेल्या महिन्यात त्याचा निरोप:
'मेळ्ळो रे मेळ्ळो! शेवटचा भाग!'
खाली दुवा.

जीपमध्ये बसून पाहिला,
फोनवर टोपीची सावली धरून.
रंग विटलेले. मिका आठवणीपेक्षा लहान,
माझ्या धाकट्या मुलीएवढी.
काटा तांबड्यात. रेडिओ.
मी कानांवरची झाकणं काढली.

स्वच्छ ऐकू आलं, शब्द न् शब्द,
जपानीत.
आमच्याशी ती हिंदीत बोलायची.
खाली अक्षरं होती बहुतेक,
टोपी तिथवर आली होती. मी ती हलवली नाही.

फेर्मिनला लिहिलं, वरून विमान गेलं रे.
तिकडे त्याची पहाट. त्यानं लिहिलं,
'अजून?'

आभाळात तेव्हा काहीच नव्हतं.
एक टिटवी होती,
तीही चालत.