कौल

भाट्याच्या पुळणीवरचं हॉटेल, त्यातला लग्नाचा हॉल,
बावीस टेबलं, बावीस घड्याळं,
नऊ देशांचे लोक, आणि मी.
गळ्यातल्या बिल्ल्यावर नजमा होडेकर,
खाली रत्नागिरी, त्याखाली देश.
आपल्याच गावात बिल्ला लावून फिरायचं
म्हणजे गंमतच.

एरवी मी मिरकरवाड्यात
बर्फाच्या कारखान्यात पावत्या फाडते.
लाद्या मोजता मोजता शब्द पाठ केले,
आधी दोन अक्षरी, मग तीन,
मग क्यू हाती आला आणि यू नाही आला
तर काय करायचं, ते.
अर्थ विचारू नका. मला येत नाहीत.
लिलावात सुरमईला कोण विचारतं तिचं मत?
बोली लागते, टोपली उचलली जाते.

तिसऱ्या दिवशी, चौदावा डाव.
समोर प्राचक, सोंगख्लाचा.
त्याला इंग्रजी बोलता येत नाही, मला जेमतेम.
पंधरा मिनिटं आवाज काय तो पिशवीतल्या ठोकळ्यांचा,
पातेल्यात तिसऱ्या धुताना होतो तसा.
मी चाळीसनं पुढे.
त्यानं सातही ठोकळे उचलले
आणि खालून तिसऱ्या ओळीत मांडले, एकेक, निवांत:
पी, ए, टी, ए, एम, ए, आर.
घड्याळावर हात मारला.

तीन ए!
अडकलाय हा, थाप मारतोय.
पटामार. पाटमर. पतामर.
असला शब्द असूच शकत नाही.
मी हात वर केला. चॅलेंज.

कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी दोघांनी जायचं,
शब्द टाइप करायचा आणि गप्प उभं राहायचं,
गुरवाच्या मागे गाव उभं राहतं तसं,
उजवी पडते की डावी बघत.
कौल आला. हिरवा.
त्याला बहात्तर,
वर माझ्या शंकेचे पाच.

खुर्चीत टेकता टेकता तोंडात फुटला तो शब्द,
वेलचीचा दाणा उशिरा फुटतो तसा.
फत्तेमारी.
कुणा साहेबानं धक्क्यावर ऐकली असेल,
वाऱ्यात, अर्धी,
आणि अर्धीच लिहून घेतली.
(पंचांनी नंतर मोबाइलवर अर्थ दाखवला.
तोवर मला कळलेलं होतं.)

माझ्या आज्याची होती एक. फतेहुल करीम.
मंगळूरहून कौलं भरून यायची.
रत्नागिरीतली निम्मी छपरं तिच्या पोटातनं उतरली,
आजा म्हणायचा.
निम्मी म्हणजे पाच-पंचवीस धरा.
मग इंजिनं आली, ट्रक आले,
तिला खाडीत ओढून ठेवली, ती ठेवलीच.
फळ्या चुलींना गेल्या. पठाण उरला.
सुकतीला त्यावर बसून, चिखलात पाय सोडून
मी दहावीची उजळणी केलीय.
इंग्रजीचीच.
पठाण म्हणजे जहाजाचा कणा, तळाचा,
कमानीसारखा वर वाकलेला.
हा अर्थ मला येतो.

चार गुणांनी हरले.
पाचातनं चार गेले किती,
ते तुम्हीच करा.

प्राचकनं हात पुढे केला.
मी गुणांचा कागद उलटा करून पेन्सिलीनं काढली
पुढे झुकलेली नाळ, डोलकाठी, तिरकं शीड,
खाली तो वाकडा तळ.
मग त्याच्या ओळीवर बोट ठेवलं.
त्यानं कागद आपल्याकडे फिरवला. बघितलं.
पुन्हा ओळ बघितली, ठोकळा ठोकळा,
जणू आत्ता कुणी मांडून गेलंय.
पेन्सिल माझ्या हातातनं घेऊन
सुकाणूपाशी एक बुटका माणूस काढला
आणि भुवया उंचावल्या. कोण?

मी बिल्ल्यावर बोट टेकवलं.
हो-दे-का, त्यानं वाचलं.
जवळपास.

पुढच्या डावाची घंटा झाली.
आम्ही ठोकळे पिशवीत भरले,
ओतले नाहीत,
धक्क्यावर कौलं उतरवतात तसे,
या हातातनं त्या हातात,
दोन-दोन.