अक्षरी चार रुपये

धोबीतलावला, खेळाच्या दुकानांमागच्या बोळात
माझं प्रेस मशीन आहे. दीडशे डिग्री, पंधरा सेकंद,
नाव कापडावर बसतं.
एकदा बसलं की धुऊन जात नाही, असं मी गिऱ्हाइकाला सांगतो.
खोटं नाही. पूर्ण खरंही नाही.

वैतीचं नाव मी पाचशे वेळा छापलं.
व्ही, ए, आय, टी, आय. खाली सतरा.
दोन आय, सरळ पट्ट्या,
रबर वाया जात नाही.
छापण्यासाठीच जन्मलेलं नाव, असं मी तेव्हा म्हणालोही कुणाला तरी.

अंधेरीच्या हॉटेलात ड्राफ्ट झाला,
टेबलांवर पांढरी कापडं, पाण्याच्या बाटल्या, माणसांच्या याद्या,
आणि पहिल्या फेरीत पहिलं नाव त्याचं निघालं.
शिवडी कोळीवाड्यात रात्रभर बँजो.
कॅमेरेवाले येणार म्हणून त्याच्या आईने सुकटीच्या पाट्या झाकल्या,
कॅमेरेवाल्यांनी त्या पुन्हा उघडायला लावल्या.

पेपरात आलं : असा डावा पाय या शहराने पाहिला नव्हता.
शहराने काय काय पाहिलं नव्हतं
त्याची यादी त्या आठवड्यात फार लांबली.

मग सामने.
पहिल्यात सत्तावीस मिनिटं. दुसऱ्यात अकरा.
तिसऱ्यात तो बाकावर बसून बुटाची नाडी
सोडत होता, बांधत होता, सोडत होता.
एकदा गोलकीपर आडवा, जाळं उघडं,
बॉल त्याच डाव्या पायाशी,
आणि हेरंबने पास दिला.
कुणाला, ते आजवर कळलेलं नाही.

गुडघा गेला असता तर बरं झालं असतं.
लोकांना गुडघा समजतो.
दारू समजते, वाईट संगत समजते.
त्याचं तसलं काहीच झालं नाही.
वेळेवर झोपायचा. अंडी खायचा. कोचला सर म्हणायचा.
तो जेवढा होता तेवढाच होता,
आम्हीच दोन साइझ मोठं शिवून बसलो.

साठ जर्स्या परत आल्या.
शेठ म्हणाला, नावं काढ, कापड चांगलं आहे.
पेट्रोलचा बोळा, चिमटा, नखं.
टी पटकन सुटतो. ए चिवट.
रबर निघालं तरी खालचं कापड वेगळं दिसतं,
घड्याळ काढल्यावर मनगट दिसतं तसं.
त्यातल्या एकीने मी अजून मशीन पुसतो.

गेल्या मंगळवारी तो आला.
पोट थोडं सुटलेलं, खिशाला पोर्ट ट्रस्टचा बिल्ला.
अँटॉप हिलच्या पोरींची टीम, दहा वर्षांखालची, चौदा जर्स्या.
"अक्षरी किती?"
"चार."
"कमी करा की. एकीचं नाव तेजस्विनी आहे."
मी म्हटलं, तेजू टाका.
"नाही. पूर्ण. तिने बजावलंय."

मी ओळख दाखवली नाही.
तो पुसायच्या फडक्याकडे बघत होता की
पलीकडच्या भिंतीकडे, सांगता येत नाही.
पहिली जर्सी निघाली, त्याने गरम अक्षरांवरून अंगठा फिरवला.
"निघत नाही ना हे?"
"कुणी काढलं नाही तर नाही."
त्याने मान हलवली, जशी आपण
भाजीवाल्याच्या हिशेबाला हलवतो.

बिल केलं.
तो मोजून म्हणाला, दोन अक्षरं कमी धरलीत, तेजस्विनीची.
मी म्हटलं, त्यातले दोन आय सोडले.
सरळ पट्ट्या असतात, रबर लागत नाही.

त्याने आठ रुपये काढून मशीनवर ठेवले.
मग पत्रा तापलाय हे लक्षात आलं,
घाईने उचलले,
फुंकर मारली,
आणि माझ्या हातात दिले.